हाकेला ओ

"हे बेट?" जुईनं विचारलं.

"नको," शलाका लॅपटॉपवरून नजर न काढता म्हणाली.

जुईनं शेंगदाणा उचलला आणि तोंडात टाकला.

"आणि हे?"

"तिथं चोऱ्या होतात. नको."

तोही शेंगदाणा गेला. मी नुसता बघत बसलो. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण अमेरिकेतल्या, टॅम्पाच्या लेकीच्या घरातलं ते जेवणाचं टेबल माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नातीला कॅरिबियन समुद्र समजावा म्हणून मी तो टेबलावर मांडला होता. क्युबाच्या जागी केळं, त्याच्या पोटाशी जमैका म्हणून लिंबू, शेजारी एक बटाटा आणि तिथून खाली दक्षिण अमेरिकेपर्यंत शेंगदाण्यांची कमान. वेंगुर्ल्याच्या शाळेत मी जन्मभर भूगोल असाच शिकवला. भिंतीवरचा नकाशा मुलांच्या डोळ्यांपुढून निघून जातो, हातातून गेलेला राहतो.

शलाका, माझी एकुलती एक लेक, मार्चच्या सुट्टीत मला आणि जुईला जहाजाच्या सफरीला नेणार होती. कुठलं जहाज कुठल्या बंदराला लागतं आणि त्यातलं कुठलं बंदर सुरक्षित, याचा तिचा अभ्यास आठवडाभर चालला होता. सरकारी इशारे, हॉस्पिटल किती लांब, रस्ते कसे, पिण्याचं पाणी कसं, सगळं. ती नको म्हणाली की जुई ते बेट खाऊन टाकायची.

"शलाका, अगं, समुद्र रिकामा व्हायला आला," मी म्हटलं.

"बाबा, चेष्टा नको. माझ्याबरोबर लहान मूल आहे."

"मी नऊ वर्षांची आहे," जुई तोंडातल्या शेंगदाण्यासकट म्हणाली.

"तेच म्हणतेय मी."

टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या भांड्याजवळ, मी आणखी एक शेंगदाणा ठेवला होता. आपलं गाव कुठं आहे हे मुलाला आधी दाखवावं, मग जग दाखवावं, ही माझी जुनी पद्धत. जुईनं त्यावर बोट ठेवलं.

"आई, आणि वेंगुर्ला?"

शलाकाची बोटं लॅपटॉपवर थांबली. जुईनं थोडा वेळ वाट बघितली. तो शेंगदाणा तिनं खाल्ला नाही. खिशात टाकला.

त्या खेपेला मी अमेरिकेत गेलो होतो तो एकच मागणं घेऊन. शाळेचं वर्ष संपलं की जुईला माझ्याबरोबर वेंगुर्ल्याला पाठव, सुट्टी संपली की परत आणून सोडतो. फोनवर मी हे विचारलं होतं, तेव्हा शलाकानं विहीर, साप, समुद्र आणि पावसातले रस्ते अशी चार कारणं एका दमात सांगितली होती. तिचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. दोन वर्षांपूर्वी माझा जावई हर्षद ऑफिसातून घरी येताना गाडीच्या अपघातात गेला. रस्ता सरळ, कोरडा, भर दुपारचा. ज्या रस्त्याची कुणालाच भीती वाटली नसती, असा. तेव्हापासून शलाकानं जुईचा हात सोडला नव्हता. शाळेच्या सहली बंद. पोहण्याचा क्लास बंद. समोरच्या मैत्रिणीकडे जायचं तरी आई बरोबर. पोरगी तक्रार करत नव्हती आणि मला काळजी वाटत होती ती त्याचीच.

शेवटी एक जहाज ठरलं. पोर्टो रिकोहून निघणारं, बहुतेक सगळी मोठी, राबती बंदरं घेणारं. त्याच्या वाटेवर एकच बेट शलाकाच्या मनाविरुद्ध होतं, डॉमिनिका.

"डोंगर, घाटरस्ते आणि पोटात ज्वालामुखी," ती म्हणाली. "तिथं आपण जहाजावरच थांबायचं."

"बरं," मी म्हटलं. म्हाताऱ्या मास्तराला एवढं कळतं, की घंटा व्हायच्या आधी धडा रेटू नये.

जहाज म्हणजे एक तरंगतं गावच होतं. पहिल्या बंदरात आम्ही उतरलो, कुंपणातल्या किनाऱ्यावर बसलो, कुंपणातलं आइस्क्रीम खाल्लं आणि परत आलो. दुसऱ्या बंदरात दुकानं होती. तिथून जुईनं माझ्या बायकोला, कुंदाला, फोन लावला. कुंदाच्या गुडघ्यांनी तिला विमानात बसू दिलं नव्हतं.

"काय बघितलंस गो बाय?" कुंदानं विचारलं.

"घड्याळांची दुकानं, आजी."

"एवढ्या लांब जाऊन?"

तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठून आमच्या खोलीच्या सज्जात आलो आणि तिथंच उभा राहिलो. समोर डॉमिनिका होतं. समुद्रातून थेट आभाळात गेलेले हिरवे डोंगर, शेंडे ढगांत बुडालेले, त्यांच्या पायाशी रंगीत पत्र्यांच्या छपरांचं लहानसं गाव. मला वाटलं, देवानं सह्याद्रीचा एक तुकडा ओंजळीत घेतला आणि नेता नेता तो इथं सांडला. जुई केव्हा शेजारी येऊन उभी राहिली ते मला कळलंही नाही.

"आजोबा, याला शेंगदाणा म्हणालात तुम्ही," ती हळूच म्हणाली.

"चुकलंच माझं."

मागे शलाका उभी होती. तीही बघत होती.

"बाबा, तुम्हीच सांगा," ती एकदम म्हणाली. "तुम्ही जन्मभर बंदरावर राहिलात. बंदर सुरक्षित आहे हे ओळखायचं कसं?"

हा प्रश्न तिनं आठवडाभर सगळ्या जगाला विचारला होता, मला पहिल्यांदाच.

"आमच्याकडचे मासेमारी करणारे काय म्हणायचे ते सांगतो," मी म्हटलं. "वारा सगळीकडेच सुटतो. खडक सगळीकडेच असतात. नवीन बंदरात शिरताना ते एकच बघायचे. हाक मारली तर ओ देणारं कुणी आहे का?"

"हे तुम्हाला कसं कळणार, जहाजावर बसून?"

"जहाजावर बसून नाहीच कळणार."

तिनं जुईचे बूट आणून ठेवले. मग म्हणाली, "धक्क्यापर्यंत. त्याच्या पुढं नाही."

धक्क्यावर सफरीच्या बोटी लागल्या होत्या. एका पांढऱ्या बोटीपाशी पन्नाशीची, रुंद खांद्यांची एक बाई उभी होती. डोक्याला पिवळा रुमाल. तिचं नाव मार्लीन. देवमासे दाखवायला ती माणसांना घेऊन जायची, आणि आमच्या जहाजानंच नेमून दिलेली ती बोट होती. तीन जागा रिकाम्या होत्या. जुई त्या बोटीवर काढलेल्या माशाच्या चित्रासमोर जाऊन उभी राहिली.

शलाकानं मार्लीनची उलटतपासणी सुरू केली. लाइफ जॅकेट लहान मापाचं आहे का? रेडिओ आहे का? परवाना? इंजिन बंद पडलं तर? वारा वाढला तर? मला थोडा संकोच वाटला. पण मार्लीननं प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं, जॅकेट काढून दाखवलं, रेडिओ लावून पलीकडच्या माणसाशी बोलून दाखवलं.

"माफ करा, मी फार विचारते," शलाका शेवटी म्हणाली.

"विचारा की," मार्लीन म्हणाली. "मी पण असंच विचारते, रोज सकाळी, समुद्राला. त्याचं उत्तर आवडलं नाही तर घरी जाऊन कपडे धुते."

शलाकाला हसू आलं. मी ते दोन वर्षांत प्रथम बघत होतो.

"बाबा, बसू या?" तिनं विचारलं.

"थांब. गाऱ्हाणं घालायला हवं."

आमच्या तळकोकणात नवं काही करायचं, लांब कुठं निघायचं, तर देवापुढं नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. एकानं देवाला मोठ्यानं सांगायचं आणि जमलेल्या सगळ्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. समुद्रावर जाताना तर नारळ हवाच. धक्क्यावर एक म्हातारी नारळांचा ढीग लावून बसली होती. मी खुणेनं एक मागितला. पैसे दिले. आणि मी हात पुढं करतोय तोवर तिनं कोयत्याच्या एका घावात त्याचं डोकं उडवलं, नळी खोचली आणि तो माझ्या हातात दिला.

मी त्या नारळाकडे बघत राहिलो.

"काय झालं?" मार्लीननं विचारलं.

"मला प्यायचा नव्हता. समुद्राला द्यायचा होता. फोडलेला नारळ चालत नाही."

"मग दुसरा घ्या."

मी दुसरा मागायला वळलो, तर म्हातारीनं तोही फोडलेला. एवढ्या उन्हात एका माणसाला दोन नारळ लागणारच, असं तिनं धरलं असावं. मार्लीन पोट धरून हसली. शलाका म्हणाली, "बाबा, जाऊ दे ना."

"आजोबा," जुईनं खिशात हात घातला. "हे चालेल? हे फोडलेलं नाही."

तिच्या तळहातावर शेंगदाणा होता. टेबलाच्या टोकाचा. इतके दिवस खिशात राहून त्याचं साल निघत आलं होतं.

शलाकानं तो ओळखला. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मग डोंगराकडे.

"चालेल," मी म्हटलं. "देवाला माप कळत नाही."

मी धक्क्याच्या कडेला उभा राहिलो, हात जोडले आणि वेंगुर्ल्यात घालतो तसं, खणखणीत आवाजात सुरू केलं. "बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां परक्या दर्यार चालली आसत, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," जुई म्हणाली. हे तिला फोनवर कुंदानं शिकवलं होतं.

"तेंच्या वाटेत काय ईडा-पीडा आसात, ती दूर कर, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आमेन," मार्लीन म्हणाली. तिनं डोक्याचा रुमाल नीट केला होता आणि डोळे मिटले होते.

"गेल्यावाटेन सुखरूप परत हाड, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आमेन." या वेळी नारळवाल्या म्हातारीचाही आवाज त्यात होता.

शलाका काहीच म्हणाली नाही. जुईनं शेंगदाणा पाण्यात टाकला. बोटीत चढताना तिनं मला विचारलं, "आजोबा, इथल्या देवाला मालवणी कळतं?"

"बघू या."

किनारा सोडल्यावर थोड्याच वेळात पाण्याचा रंग बदलला. डोंगर जसे सरळ वर गेले आहेत तसेच ते पाण्याखाली सरळ खाली जातात, मार्लीननं सांगितलं. निळा रंग इतका गडद झाला की त्यात हात घातला तर शाईसारखा लागेल असं वाटावं. शलाका जुईच्या शेजारी बसली होती आणि तिच्या लाइफ जॅकेटचा पाठीमागचा पट्टा तिनं मुठीत धरला होता.

मार्लीननं इंजिन बंद केलं आणि वायरच्या टोकाला बांधलेलं एक यंत्र पाण्यात सोडलं. "हा माझा पाण्यातला कान," ती म्हणाली. "आता कुणी बोलू नका."

छोट्या स्पीकरमधून आधी नुसती खरखर आली. मग खूप लांबून, खूप खोलातून, टापांचा आवाज यावा तसा आला. टक्, टक्, टक्, टक्. जणू तळाशी एक रस्ता होता आणि त्यावरून कुणाचा तरी टांगा चालला होता.

"त्या शिकार करतायत," मार्लीन कुजबुजली. "अंधारात आवाजानं बघतात. इथं बहुतेक बायकाच असतात. आया, मावश्या, आज्या आणि पोरं. बाप्ये लांब थंड समुद्रात निघून जातात."

"शहाणे आहेत," मी म्हटलं. शलाकानं मला डोळ्यांनी दटावलं.

तेवढ्यात जुईनं बोट दाखवलं. बोटीपासून थोड्या अंतरावर पाणी वर आलं, फुगलं आणि त्यातून एक काळसर, सुरकुतलेली पाठ निघाली. ती संपेचना. मी आयुष्यभर मुलांना सांगितलं होतं की देवमासा एस.टी.च्या गाडीएवढा असतो. मुलं हसायची आणि मीही हसायचो. त्या दिवशी कळलं की मला स्वतःलाच ते कधी खरं वाटलं नव्हतं. त्या मादीनं श्वास सोडला, त्याचे तुषार वाऱ्याबरोबर आमच्या तोंडावर आले. तिच्या कुशीला एक पिल्लू होतं. पिल्लू म्हणायचं, पण ते आमच्या बोटीच्या निम्म्यानं तरी असेल.

मग ती आई वाकली. शेपूट पाण्याबाहेर आलं, उंच गेलं, उभं राहिलं. दाराच्या दोन फळ्या उघडाव्यात तसं ते आभाळात उघडलं, त्यावरून पाणी ओघळलं आणि एक थेंबही न उडवता ते खाली गेलं. पाण्यावर एक गुळगुळीत गोल ठसा राहिला.

आणि त्याच्या शेजारी पिल्लू. एकटं.

"ती कुठं गेली?" शलाकानं विचारलं.

"खाली. जेवायला. पिल्लाला एवढ्या खोल जाता येत नाही."

"येईल कधी?"

"पाऊण तास. कधी तास."

"तास?" शलाकाचा आवाज चढला. "आणि हे एकटंच? तासभर? कुणी आलं तर? शार्क असतील इथं."

"असतात," मार्लीन म्हणाली. "थांबा जरा."

पिल्लू जागच्या जागी फिरत होतं. एकदा त्यानं डोकं खाली घातलं, आईच्या मागं जाऊ बघितलं आणि बुचासारखं परत वर आलं. शलाका उठून उभी राहिली. एका हातात जुईचा पट्टा, दुसऱ्या हातात बोटीचा कठडा. तिच्या गळ्याच्या शिरा मला दिसत होत्या.

मग स्पीकरमधून नवा आवाज आला. जवळचा, बारीक. टक्. टक्. टक्टक्टक्. थोडं थांबून पुन्हा तसंच. टक्. टक्. टक्टक्टक्.

"हाक मारतंय," मार्लीन म्हणाली. "या समुद्रातल्यांची हाक अशीच असते. आईकडून शिकतात."

आम्ही ऐकत राहिलो. हाक गेली. कुणी ओ दिली नाही. पुन्हा हाक गेली. जुईनं माझा हात घट्ट धरला होता.

आणि मग ओ आली. उजवीकडून, जाड आवाजात. टक्. टक्. टक्टक्टक्. ती संपते न संपते तोच डावीकडून दुसरी. मग लांबून आणखी एक, इतक्या लांबून की ती ऐकली की नुसती वाटली हे मला सांगता येणार नाही. सगळा समुद्र त्या एका पिल्लाला ओ देत होता. वरून बघावं तर पाणी नुसतं निळं, स्वच्छ आणि रिकामं.

मार्लीननं न बोलता उत्तरेकडे मान केली. तिथं एक पाठ निघाली. म्हातारी असावी, अंगावर पांढरे ओरखडे, शेपटीचा एक तुकडा नाहीसा. ती कसलीच घाई न करता आली. दुसरी मागून आली. दोघींनी पिल्लाला मधे घेतलं आणि तिघं तशीच तरंगत राहिली. पिल्लानं म्हातारीच्या अंगाला अंग घासलं.

बोटीतल्या एका गोऱ्या गृहस्थानं कॅमेरा आणला होता, तो त्याच्या गळ्यातच लोंबत राहिला.

"ही आजी आहे त्याची?" जुईनं अगदी हळू विचारलं.

"आजी असेल, मावशी असेल, शेजारीण असेल," मार्लीन म्हणाली. "पूर्वी एकदा मोठं वादळ आलं, माझ्या घराचं छप्पर उडालं. गल्लीत एकच छप्पर राहिलं होतं. आम्ही सगळे त्याच्याखाली झोपलो. कोण कुणाचं, ते तेव्हा कुणी विचारलं नाही."

आम्ही तिथं थांबलो, आई वर येईपर्यंत. किती वेळ गेला ते मला सांगता येत नाही. ती बऱ्याच लांब निघाली. तिच्या श्वासाचा फवारा दिसला आणि पिल्लू दोघींच्या मधून सुटून तिच्याकडे पळत सुटलं. पोहत सुटलं म्हणायला हवं, पण ते पळणंच होतं. शाळा सुटल्यावरचं.

मी शलाकाकडे बघितलं. ती बसली होती. तिचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते. डाव्या तळव्यावर पट्ट्याचा लाल वळ उमटला होता. जुई पुढं, बोटीच्या टोकाशी, मार्लीनजवळ जाऊन उभी होती.

परत येताना शलाका बराच वेळ डोंगराकडे बघत होती. मग म्हणाली, "बाबा, शेजारच्या मालूकाकू अजून आहेत?"

"आहेत की. सकाळी आमच्या अंगणात दिसल्या नाहीत तर आम्ही जाऊन बघतो आणि आम्ही दिसलो नाही तर त्या येतात."

"आणि पलीकडची रोझीबाई?"

"ती पण. तिची सून पण आली आता."

"विहिरीला कठडा आहे ना?"

"मागच्याच वर्षी उंच करून घेतला."

"का? तुम्हाला दोघांनाच तर..." ती थांबली. मी समुद्राकडे बघत राहिलो.

"जुईला आधी पोहायला शिकवायला हवं," ती शेवटी म्हणाली. "मे संपायच्या आत."

जूनच्या सुरुवातीला, टॅम्पाच्या विमानतळावर, सामान गेलं आणि आम्ही तपासणीच्या रांगेपाशी आलो. यापुढं शलाकाला येता येणार नव्हतं. जुईच्या पाठीवर दप्तर, डोक्यावर पोहण्याच्या क्लासची टोपी, जी ती झोपतानाही काढत नव्हती. शलाकानं तिला पाणी पिण्याचं, छत्रीचं, डासांचं सगळं सांगितलं. मग पुन्हा सांगितलं. मग सांगायचं संपलं आणि ती नुसती उभी राहिली.

मला वाटलं, आता ही हात धरणार आणि सोडणार नाही.

तिनं हात जोडले. त्या गर्दीत, उभ्या उभ्या, डोळे मिटले. अमेरिकेला गेल्यापासून जी भाषा तिच्या तोंडून मी ऐकली नव्हती, त्या भाषेत ती म्हणाली, "बा देवा म्हाराजा. ह्या माझा पोर आज लांब चल्ला हा, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

"तेच्या वाटेत..." तिचा आवाज तिथं गेला. ओठ हलत होते, पण शब्द येईना.

जुईनं जरा वेळ वाट बघितली. मग तिनंच ते पुढं नेलं, तिच्या इंग्रजी वळणाच्या मालवणीत, खणखणीत. "तेच्या वाटेत जो जो भेटतलो, तेका ओ देऊची बुद्धी दे, म्हाराजा!"

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

शेजारी एक काळी, ठेंगणी बाई फरशी पुसत होती. आम्ही कोण, काय म्हणतोय, कुठल्या देवाला म्हणतोय, यातलं तिला काहीही कळायचं कारण नव्हतं. तिनं हातातली काठी थांबवली.

"आमेन," ती म्हणाली.

शलाकानं डोळे उघडले, तिच्याकडे बघितलं आणि जुईला म्हणाली, "जा."